वाचकांचे प्रश्न: चित्रकाराची खूण आणि ती काढणारे चित्रकार

प्रश्न १. मी शाळेत चित्रकला शिकवतो. मेक्सिकोतील अ‍ॅझ्टेक लोकांच्या लिपीत 'चित्रकार' या व्यवसायासाठी स्वतंत्र खूण होती, असे वाचनात आले. ती खूण कशी दिसते? सगळेच चित्रांनी लिहिलेले असेल, तर एखादी आकृती म्हणजे नुसते चित्र आहे की तो वाचायचा शब्द आहे, हे कसे ठरवायचे?
(एक वाचक, सातारा)

उत्तर. अ‍ॅझ्टेक लोकांची भाषा नाहुआत्ल, आणि या भाषेत अशा व्यावसायिकाला त्लाकुइलो म्हणत. चित्र काढणे आणि लिहिणे या दोन्ही कामांना तेथे एकच क्रियापद होते. आलोन्सो दे मोलिना या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने १५७१ मध्ये छापलेल्या शब्दकोशातही त्लाकुइलो म्हणजे लेखनिक किंवा चित्रकार, असे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी दिले आहेत. म्हणून आपण ज्या खुणेविषयी विचारता, ती एकाच वेळी चित्रकाराची आणि लेखकाची खूण आहे. तिचे घटक साधारणपणे तीन असतात: काम करणारा माणूस किंवा नुसता त्याचा हात, हातातील लेखणी अथवा कुंचला, आणि ज्यावर रेघा उमटत आहेत असा चौकोनी पृष्ठभाग. प्रत्येक वेळी तिन्ही घटक पूर्ण काढलेले असतीलच असे नाही. पाहणाऱ्याला ओळख पटेल एवढेच रेखाटायचे आणि बाकीचे गाळायचे, ही या लिपीची नेहमीची रीत होती.

या व्यावसायिकाचे सर्वांत प्रसिद्ध चित्र मेंडोसा हस्तलिखितात आहे. स्पेनने जिंकलेल्या मेक्सिकोचा पहिला व्हाइसरॉय आन्तोनियो दे मेंडोसा याच्या काळात, १५४१च्या सुमारास, मेक्सिको शहरातील स्थानिक चित्रकारांनी ते युरोपीय कागदावर तयार केले. ७१ पानांच्या या हस्तलिखितात आधी राजांच्या विजयांचा इतिहास येतो, मग जिंकलेल्या प्रांतांकडून येणाऱ्या करवस्तूंच्या याद्या येतात आणि शेवटी जन्मापासून वार्धक्यापर्यंतचे लोकजीवन येते. या तिसऱ्या भागातील ७०व्या पानाच्या दर्शनी बाजूवर सुतार, रत्ने घासणारा कारागीर, चित्रकार, सोनार आणि पिसांची कलाकुसर करणारा असे पाच जण आपापल्या मुलाला धंदा शिकवताना दाखवले आहेत. त्याच पानावर भटक्या, चेंडूचा जुगारी, चोर आणि चहाडखोर हेही आहेत. वाडवडिलांचा उपदेश ऐकला तर काय होते आणि न ऐकला तर काय होते, हे एका पानावर मांडण्याचा हेतू त्यातून सरळ दिसतो, आणि प्रतिष्ठेच्या बाजूला बसलेल्या पाचांमध्ये चित्रकाराने आपल्या व्यवसायालाही जागा दिली आहे.

या चित्रातील त्लाकुइलो बसलेला असून हातातील साधन त्याने समोरच्या चौकटीवर टेकवले आहे, आणि चौकटीत काळ्या व तांबड्या रंगाच्या खुणा आहेत. हे दोनच रंग निवडण्यात योगायोग असावा, असे मला वाटत नाही. 'काळी शाई, तांबडा रंग' अशी एक जोडी नाहुआत्ल भाषेत रूढ होती आणि तिचा अर्थ होता लेखन, आणि त्याहून व्यापक अर्थाने ग्रंथांमधले ज्ञान. म्हणजे चित्रकार काय रंगवतो आहे हे न दाखवता, तो जे रंगवतो त्याला समाजात काय म्हणत, ते येथे दाखवले आहे. शेजारी स्पॅनिश भाषेत 'चित्रकार' एवढीच टीप आहे.

परंतु मेंडोसा हस्तलिखितातील ही आकृती एका प्रसंगचित्राचा भाग आहे. तिला 'शब्द' म्हणावे की नाही, यावर वाद घालता येईल. आपल्या प्रश्नाच्या उत्तरार्धाला खरे उत्तर मिळते ते दुसऱ्या एका दस्तऐवजातून, आणि माझ्या मते या विषयासाठी तोच अधिक मोलाचा आहे. आजच्या पुएब्ला राज्यात वेशोत्सिंको नावाचे जुने नगर आहे. त्या परिसरातील करपात्र लोकांची मोजणी १५६० मध्ये झाली आणि तिचे चित्रमय नोंदपुस्तक सध्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. हान्स प्रेम या अभ्यासकाने १९७४ मध्ये त्याची आवृत्ती प्रसिद्ध केली. त्यात पानोपानी माणसांच्या डोक्यांच्या ओळी आहेत. एक डोके म्हणजे एक करदाता, त्याच्या शेजारी त्याच्या नावाची खूण, आणि रोमन अक्षरांत लिहिलेले नाव. विधवा, वृद्ध आणि आजारी यांच्या नोंदी वेगळ्या आहेत. कारागिरांच्या नोंदीत त्यांचा धंदाही खुणेने सांगितलेला आहे, कारण कोण काय देऊ शकतो हे कर ठरवणाऱ्याला कळायला हवे होते.

अशा पानावर लिहिणारा हात आणि रेघांनी भरलेला चौकोन डोक्याशेजारी आला, की तो प्रसंग उरत नाही. तेथे कोणी काही रंगवत बसलेले नाही, मुलाला शिकवत नाही, चौकटीत काय लिहिले आहे याला महत्त्व नाही. ती आकृती पाहून मोठ्याने उच्चारायचा शब्द एकच असतो, त्लाकुइलो. चित्र आणि लेखन यांतील फरक असा मुख्यतः जागेने ठरतो. आकृती किती हुबेहूब काढली आहे, यावर तो ठरत नाही. येथे एक अडचण मात्र आहे. त्लाकुइलो हे व्यक्तीचे नावही असू शकत असे, आणि मग तीच खूण व्यवसाय सांगत नाही, नाव सांगते. अशा वेळी त्या माणसाजवळ नावाची दुसरी खूण आहे का, अक्षरी टिपेत काय म्हटले आहे आणि आसपासच्या ओळींत कारागिरांची नोंद चालू आहे का, हे पाहूनच निर्णय करावा लागतो.

खुणेचा उच्चार ठरलेला असे हे म्हणण्याला भक्कम आधार आहे. मेंडोसा हस्तलिखितात वित्सिलिवित्ल या राजाने जिंकलेल्या गावांचे पान पाहावे. तेथे कुआउतित्लान या गावासाठी एक झाड काढले आहे आणि झाडाच्या बुंध्यावर चक्क दात आहेत. झाडाला 'कुआउइत्ल' आणि दातांना 'त्लान्त्ली' म्हणत, आणि गावाच्या नावातील '-त्लान' हा शेवट लिहिण्यासाठी दात वापरले आहेत. दातांचा गावाशी काडीचाही संबंध नाही. तोलान्त्सिंको या नावासाठी लव्हाळ्यांच्या खाली माणसाचा कमरेखालचा भाग काढलेला आढळतो, कारण 'त्सिन्त्ली' म्हणजे शरीराचा बसायचा भाग, आणि हवा होता फक्त त्याचा ध्वनी. आपल्याकडील मुलांच्या मासिकांत चित्रांवरून शब्द जुळवण्याची कोडी असतात, त्यांतली युक्ती ती हीच. फरक इतकाच की येथे त्या युक्तीवर राज्याचा करवसुली विभाग चालत असे.

याहून पुढची पायरी म्हणजे एकाच नावाची दोन प्रकारची लेखने. इत्स्कोआत्ल म्हणजे 'ऑब्सिडियन-सर्प'. ऑब्सिडियन हा ज्वालामुखीतून तयार होणारा काचेसारखा दगड असून त्याची पाती अतिशय धारदार होतात. या नावाच्या राजासाठी मेंडोसा हस्तलिखितात पाठीवर अशी पाती असलेला साप आहे. तेपेत्लाओस्तोक गावाच्या जमीनमोजणीच्या हस्तलिखितात मात्र याच नावाच्या एका साध्या माणसासाठी सापाचा पत्ता नाही. तेथे ऑब्सिडियनचे टोक, मडके आणि पाणी अशा तीन आकृती आहेत आणि त्यांचे आरंभीचे ध्वनी 'इत्स', 'को', 'आ' असे जोडून वाचायचे आहेत. एकोणिसाव्या शतकात जोझेफ ओबँ या फ्रेंच अभ्यासकाने या उदाहरणाकडे लक्ष वेधले होते, आणि २००८ मध्ये स्पॅनिश लिपितज्ज्ञ आल्फोन्सो लाकादेना यांनी नाहुआत्ल लेखनातील अक्षरचिन्हांचा पद्धतशीर तक्ता मांडला. या लेखनाला किती प्रमाणात ध्वनिलेखन म्हणावे यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. तरीही 'लिपी न आलेल्या लोकांची चित्रे' असे त्याचे वर्णन जुन्या पुस्तकांत आढळते, ते आता सोडून द्यायला हवे.

प्रश्न २. या चित्रकारांत स्त्रिया होत्या का?
(एक वाचक, मडगाव)

उत्तर. होत्या, आणि त्याचा पुरावा चित्रातच आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास तयार झालेले तेलेरियानो-रेमेन्सिस हे हस्तलिखितही पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्याच्या ३०व्या पानाच्या दर्शनी बाजूवर, आधी उल्लेख आलेल्या वित्सिलिवित्ल राजाशी संबंधित कुटुंबचित्रात, एक स्त्री हातात कुंचला धरून समोरच्या चौकोनावर काम करताना दिसते. टीपकाराने तिच्याजवळ स्पॅनिशमध्ये 'चित्रकर्ती' असे लिहिले आहे. पुरुष त्लाकुइलोसाठी जी साधने वापरली जात, नेमकी तीच साधने तिच्या हाती दिली आहेत. त्यामुळे ही घरगुती हौस आहे, असा अर्थ काढता येत नाही. ती राजाची उपपत्नी मानली जाते. एका चित्रावरून संख्येचा अंदाज बांधणे धाडसाचे होईल, परंतु उच्च कुळांतील स्त्रियांना हे काम वर्ज्य नव्हते एवढे निश्चित म्हणता येते. चित्रकार, विणकर आणि सोनार या सर्वांची आराध्यदेवता शोचिकेत्साल ही देवी होती, हेही येथे नोंदवतो.

प्रश्न ३. हे काम शिकवले कोठे जाई आणि रंग, कागद कोणते वापरत?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर. मेंडोसा हस्तलिखितात बाप मुलाला शिकवतो, म्हणजे धंदा घरात चाले. परंतु धर्मविधी, पंचांग आणि वंशावळी यांच्या पोथ्या वाचायला शिकण्याची जागा होती कालमेकाक, म्हणजे सरदारपुत्रांसाठीची देवळाला जोडलेली शाळा. सतराव्या शतकाच्या आरंभी लिहिणारा फेर्नांदो दे आल्वा इश्त्लिल्शोचित्ल हा तेस्कोकोच्या राजवंशातील इतिहासकार सांगतो की प्रत्येक शाखेचे लेखक वेगळे असत. कोणी वर्षवार घटना लिहीत, कोणी वंशावळी सांभाळत, कोणी जमिनींच्या हद्दी रंगवत, तर कोणी कायदे आणि विधी यांची पुस्तके तयार करत. वेशोत्सिंकोच्या नोंदवहीत एकाच खुणेने दाखवलेला 'त्लाकुइलो' प्रत्यक्षात यांपैकी कोणत्या प्रकारचा होता, हे खूण सांगत नाही.

कामाच्या गुणवत्तेविषयी अधिक माहिती फ्लोरेन्स हस्तलिखितात मिळते. बेर्नार्दिनो दे साहागुन या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने आन्तोनियो वालेरियानो, आलोन्सो वेगेरानो, मार्तीन हाकोबिता आणि पेद्रो दे सान बुएनावेन्तुरा या नाहुआ, म्हणजे नाहुआत्ल बोलणाऱ्या, विद्वानांच्या साहाय्याने हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या दहाव्या खंडात निरनिराळ्या व्यावसायिकांचे चांगले आणि वाईट नमुने दिले आहेत. चांगला चित्रकार रंग नीट घोटतो, कोळशाने आधी आकृती आखतो, छाया देतो, फुले आणि बागा रंगवतो. वाईट चित्रकार मठ्ठ असतो, घाईने काम उरकतो, त्याचे रंग निस्तेज होतात आणि आकृती वाकड्या येतात. चित्रकला शिकवणाऱ्या कोणालाही ही तक्रार ओळखीची वाटेल. चौथा खंड पंचांगाचा आहे, आणि त्यानुसार 'सात फूल' या दिवशी चित्रकार विशेष पूजा करत व त्याआधी उपवास धरत.

रंगांपैकी काळा रंग पाइन वृक्षाच्या चिरफळ्या जाळून मिळणाऱ्या काजळीचा असे. तांबडा रंग निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनियल किड्यापासून काढत, आणि त्याच्या नाहुआत्ल नावाचा अर्थ 'निवडुंगाचे रक्त' असा आहे. पिवळा रंग एका जातीच्या अमरवेलीपासून किंवा गेरूच्या वर्गातील पिवळ्या मातीपासून मिळे, आणि निळ्यासाठी फुले व नीळ वापरत. रंग चिकटून राहण्यासाठी ऑर्किडच्या कंदाचा डिंक घालत.

कागदाला आमात्ल म्हणत. तो ज्या झाडांच्या आतल्या सालीपासून होई, ती आपल्या वड, पिंपळ आणि उंबर यांच्याच कुळातील आहेत. साल भिजवून, चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात उकळून, तिचे धागे एकमेकांवर रचायचे आणि खाचा पाडलेल्या दगडाने ठोकून सपाट करायचे, अशी ही पद्धत. कागदाची लांब पट्टी घड्या घालून पोथीसारखी ठेवत, आणि महत्त्वाच्या कामासाठी चुन्याचा लेप दिलेले हरणाचे कातडेही वापरत. आजच्या मोरेलोस राज्यातील प्रांतांकडून कागद कर म्हणून येत असे, हे मेंडोसा हस्तलिखितातील करयाद्यांवरून कळते. पुएब्ला राज्यातील सान पाब्लितो गावात ओतोमी लोक अजूनही असा कागद करतात.

प्रश्न ४. जुन्या पोथ्या जाळल्या गेल्या असे म्हणतात. मग स्पॅनिश राजवटीत या चित्रकारांचे काय झाले?
(एक वाचक, पुणे)

उत्तर. पोथ्या जाळल्या गेल्या हे खरे आहे, परंतु जाळणारे सगळेच स्पॅनिश नव्हते. साहागुनला नाहुआ वृद्धांनी सांगितलेल्या माहितीनुसार इत्स्कोआत्ल राजाने जुने इतिहास जाळून टाकले, कारण सामान्य लोकांनी ते जाणणे त्याला योग्य वाटले नाही. आस्कापोत्साल्को या वर्चस्व गाजवणाऱ्या नगराचा १४२८ मध्ये पराभव झाल्यानंतरची ही गोष्ट आहे. नव्या सत्तेला नवा इतिहास हवा होता, आणि तो रंगवायला त्लाकुइलो होतेच. पुढे १५२१ मध्ये अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान स्पॅनिशांच्या हाती पडल्यानंतर ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी देवधर्माच्या पोथ्या सैतानी ठरवून नष्ट केल्या, आणि हा विनाश कितीतरी मोठा होता.

गंमत अशी की याच काळात न्यायालयांना या चित्रकारांची गरज पडू लागली. मेक्सिको जिंकणारा स्पॅनिश सेनानी कोर्तेस स्पेनला गेला असताना मेक्सिकोच्या पहिल्या स्पॅनिश न्यायमंडळाने वेशोत्सिंकोच्या लोकांकडून बेसुमार वसुली केली. परत आल्यावर कोर्तेसने दावा लावला, आणि १५३१ मध्ये त्या खटल्यात पुरावा म्हणून आठ चित्रपाने सादर झाली. ती साल-कागदावर आणि घायपात वर्गातील वनस्पतीच्या कागदावर काढलेली असून आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. त्यांत करवस्तूंची मोजदाद आहे. जुन्या पद्धतीत २० साठी निशाण, ४०० साठी केसासारखी किंवा पिसासारखी आकृती आणि ८,००० साठी पिशवी काढत. एका पानावर येशूला कडेवर घेतलेली मरियम असलेला ध्वज आहे, कारण तो ध्वज तयार करायलाही याच लोकांना भाग पाडले होते. खटल्याचा निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि १५३८ मध्ये स्पेनच्या राजाने तो मान्य केला. चित्र हा कायदेशीर पुरावा आहे, हे राज्यकर्त्यांनी असे स्वीकारले, आणि म्हणूनच १५६०च्या मोजणीतही कलमबहाद्दर स्पॅनिश कारकुनांच्या जोडीला त्लाकुइलो बसलेले दिसतात.

मात्र चित्र वाचण्याचा अधिकार हळूहळू टीपकाराकडे गेला. मेंडोसा हस्तलिखिताच्या शेवटी स्पॅनिश टीपकाराने तक्रार केली आहे की जहाजांचा ताफा निघायला दहाच दिवस असताना हे काम त्याच्या हाती आले, कारण चित्रांचा अर्थ लावताना स्थानिक लोकांचे आपसांत लवकर जुळले नाही. घाईत त्याने अ‍ॅझ्टेक पुरोहितांना मुसलमान धर्मगुरूंसाठीचा शब्द वापरला आणि नंतर ते चुकीचे असल्याचे स्वतःच कबूल केले. 'आपसांत जुळले नाही' या वाक्याचा उपयोग पूर्वीचे काही लेखक ही लिपी संदिग्ध होती हे सिद्ध करण्यासाठी करत. मला ते पटत नाही. राजांच्या विजयांबद्दल आणि करांबद्दल तेथे मतभेद झाले असतील, तर ते इतिहासावरचे मतभेद असण्याची शक्यता अधिक आहे. ते हस्तलिखित पुढे फ्रेंच चाच्यांच्या हाती पडले. फ्रान्सच्या राजाचा भूगोलवेत्ता आंद्रे तेवे याने त्यावर आपले नाव आणि १५५३ हे वर्ष लिहिले. नंतर ते इंग्लंडला गेले आणि १६५९ मध्ये ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात दाखल झाले. तेव्हापासून ते तेथेच आहे.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात नाहुआ लोक आपली भाषा रोमन अक्षरांत सफाईने लिहू लागले. मृत्युपत्रे, जमिनींचे व्यवहार आणि गावसभेच्या नोंदी अक्षरांत होऊ लागल्या, आणि रंगवणारा व लिहिणारा ही दोन वेगळी माणसे झाली. फ्लोरेन्स हस्तलिखितात हा बदल पानापानावर दिसतो. एका स्तंभात नाहुआत्ल मजकूर, दुसऱ्यात स्पॅनिश, आणि स्पॅनिश मजकूर आखूड असल्यामुळे उरलेल्या जागेत चित्रे. ही चित्रे सुमारे २,५०० असून डायना मागालोनी या अभ्यासिकेने त्यांत २२ चित्रकारांचे हात वेगळे ओळखले आहेत, परंतु त्यांच्यापैकी कोणीही चित्राखाली नाव घातलेले नाही. ग्रंथाचे शेवटचे काम त्लातेलोल्कोच्या सांता क्रूस विद्यालयात चालू असताना १५७६ ची भयंकर साथ आली आणि रंगांचा पुरवठा तुटला. म्हणून शेवटच्या खंडांतील बरीच चित्रे नुसत्या काळ्या रेघांची आहेत. अमेरिकेतील गेटी संस्थेने २०२३ मध्ये हे संपूर्ण हस्तलिखित मजकुरासह संगणकावर खुले केले असून रंगद्रव्यांची प्रकरणे अकराव्या खंडात आहेत.